बंद चॅनेलवर दिसलेली गच्ची

माझा ड्रोन पहिल्याच उड्डाणात शवासनात गेला.

आम्ही म्हैसूरला गोकुलममध्ये राहतो. इथे दर दुसऱ्या गच्चीवर परदेशी मंडळी योग शिकत असतात. ड्रोनचं तोंड आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं, हे मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मी मॅन्युअल मधूनच कुठूनतरी वाचायला घेतलं होतं. उजवीकडे वळवायला गेलो तर तो डावीकडे गेला आणि पलीकडच्या गच्चीवर डोळे मिटून ओळीने पडलेल्या लोकांच्या मधोमध जाऊन उतरला. एकानेही डोळे उघडले नाहीत. त्यांचं आटपेपर्यंत मी त्यांच्या जिन्यात उभा. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी तो दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सर, प्लीज ब्रीद."

तर असा मी माणूस. पन्नाशी उलटलेली, कडकोळच्या एका कारखान्यात पर्चेसचं काम. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी कंपनीच्या बसमध्ये बसून वाचतो, आणि आता कबूल करायला हरकत नाही, हसायलाच वाचायचो. "मी असल्या गोष्टी मानत नाही" असं म्हणत जो तो सुरुवात करतो, तिथेच मला पहिलं हसू यायचं. आज मीही तेच लिहिणार होतो... पण आता मानतो की नाही, हेच मला ठरवता येत नाहीये. घडलं तेवढं सांगतो. आमची मराठी म्हैसूरची आहे, कितीतरी पिढ्या इथे गेल्या, त्यामुळे मध्येच कानडी आली तर सांभाळून घ्या.

ही गोष्ट माझ्या सासऱ्यांची, म्हणजे वैजूच्या अप्पांची. मीही त्यांना अप्पाच म्हणायचो. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणे. अप्पांपर्यंत येता येता घोडे संपले होते, कबुतरं उरली होती. लष्कर मोहल्ल्यात एका तीन मजली घराच्या गच्चीवरची खोली त्यांनी भाड्याने घेतलेली, आणि खोलीपेक्षा मोठी कबुतरांची ढाबळ. हिरव्या दाराची. सासूबाई गेल्यावर आम्ही कितीदा म्हटलं, आमच्याकडे या. ते म्हणायचे, "येतो की. यांना कुठे ठेवणार, तुझ्या फ्रीजवर?"

सकाळी कबुतरं सोडायची, गच्चीवर उभं राहून मान वर करून बघत राहायचं. उतरवायची वेळ झाली की पत्र्याच्या डब्यात दाणे खुळखुळवायचे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एक हात कपाळावर आडवा. मी पहिल्यांदा वैजूला बघायला त्यांच्या घरी गेलो तेव्हाही ते असेच उभे होते आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले होते, "बसा, एक यायची आहे." त्यांचा एक नियम होता. तो सगळ्याच कबुतरवाल्यांचा असतो असं पुढे कळलं. एक जरी पाखरू बाहेर असलं तरी ढाबळीचं दार लावायचं नाही, दिवा विझवायचा नाही आणि आपण जेवायला बसायचं नाही. आमचं लग्न ठरलं त्या दिवशी सगळे जेवून उठले तरी अप्पा ढाबळीपाशीच होते.

आणि नेमकी कबुतरं वर असतानाच अप्पांना झटका आला. गच्चीवरच कोसळले. खालच्या मजल्यावरच्यांनी हॉस्पिटलला नेलं, आम्ही धावलो. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नीट उमटणारे दोनच शब्द शिल्लक राहिले, "हं" आणि "बेडा". मराठी सगळी गेली आणि नको म्हणण्यापुरती कानडी तेवढी राहिली. औषध दिलं, बेडा. पेज दिली, बेडा. वैजू म्हणायची, "आयतु, बरं अप्पा, बेडा तर बेडा, आता तोंड उघडा."

हॉस्पिटलमधून त्यांना थेट आमच्या घरी आणलं. ढाबळ सांभाळणार कोण? अप्पांचे जुने दोस्त अन्वरभाई, तेही कबुतरवाले, त्यांनी सगळी कबुतरं गोळा करून नेली. पुढे घरमालकाने ढाबळ मोडून तिथे पत्र्याची शेड घातली. त्याला दोष देत नाही, त्याची गच्ची. पण हे अप्पांना सांगायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

एक दिवस अन्वरभाई टोपल्यांतून कबुतरं घेऊन आले, अप्पांना दाखवायला. म्हणाले, "देखो राव साब, सब आराम से हैं." अप्पांनी डाव्या हाताची बोटं मिटत मिटत मोजलं. मग एक बोट उभं करून अन्वरभाईंच्या तोंडासमोर धरलं.

अन्वरभाईंनी मान खाली घातली. बदामी नव्हती. बदामी रंगाची, पांढऱ्या शेपटीची मादी, अप्पांची सगळ्यात लाडकी. अप्पा पडले तेव्हा सगळी हळूहळू उतरली होती, ती वरच राहिली. नंतर ती कुणालाच दिसली नाही.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तेच. दिवेलागणीला अप्पा अस्वस्थ व्हायचे, दाराकडे बघायचे, एक बोट वर करायचे. ताटाला "बेडा". वैजू जवळ बसून सांगायची, येईल, अप्पा. वडिलांना रोज संध्याकाळी खोटं सांगायचं म्हणजे काय असतं, ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचो.

आता ड्रोनकडे येतो. लोक चाळिशीत गिटार घेतात, मी पन्नाशीत ड्रोन घेतला. कारण विचारू नका, वैजूने विचारलं होतं, तेव्हाही सांगता आलं नाही. हातातल्या रिमोटला मोबाइल अडकवायचा आणि ड्रोनला वरून जे दिसतं ते मोबाइलवर बघायचं. एका रविवारी अप्पांची चाकाची खुर्ची अंगणात आणली आणि गंमत म्हणून त्यांना स्क्रीन दाखवला. आमची कौलं, नारळ, पलीकडची गच्ची, लांबवर चामुंडी टेकडी.

अप्पांनी माझं मनगट पकडलं. जन्मभर खालून वर बघितलेला माणूस... वरून खाली पहिल्यांदाच बघत होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग त्यांनी डावा हात लांब करून दाखवलं, तिकडे. लष्कर मोहल्ल्याकडे.

मी नेला तिकडे. दोन-चार गल्ल्या ओलांडल्या आणि चित्राचे चौकोन चौकोन व्हायला लागले, मग स्क्रीन गोठला आणि ड्रोन आपोआप परत फिरला. अप्पांनी जीभ टाळ्याला लावून "च्च" केलं. आळशी कबुतराला करायचे, अगदी तसंच. फक्त ते ड्रोनला होतं की मला, कळलं नाही.

कारखान्यात आमच्या मेंटेनन्सला प्रसन्न म्हणून आहे, प्रत्येक विषयातलं त्याला सगळं माहीत असतं. तो म्हणाला, "सर, गोकुलममध्ये घरोघरी होमस्टे, घरोघरी वायफाय. एवढ्या गर्दीत तुमच्या बिचाऱ्या ड्रोनला जागा कुठे? चॅनेल अनलॉक करा."

"म्हणजे?"

"कंपनी थोडेच रेडिओ चॅनेल उघडे ठेवते. बाकीचे यंत्रात असतात, पण कुलूपबंद. ते उघडले की शुकशुकाट, रस्ता मोकळा."

"कुलूप का लावतात मग?"

"ते चॅनेल दुसऱ्यांसाठी राखीव असतात सर. पण वापरतं कोण?"

हे नियमात बसत नाही, हे मला समजलं होतं. तुम्ही करू नका. मी केलं. कसं केलं ते लिहीत नाही, कारण एक तर लिहू नये, आणि दुसरं म्हणजे मलाही नीट कळलेलं नाही. व्हिडिओत दाखवलं तसं करत गेलो, दोनदा ड्रोन बंदच पडला, तिसऱ्यांदा चॅनेलची यादी एकदम लांबलचक झाली. मोठ्या ऐटीत वैजूला दाखवायला गेलो. ती अप्पांचे कपडे वाळत घालत होती.

"आता मोहल्ल्यापर्यंत दिसेल अप्पांना," मी म्हटलं. "लांबून, उंचावरून. गच्ची तरी बघतील."

तिने हातातला टॉवेल झटकला. "आणि गच्चीवर काय बघतील हो? पत्र्याची शेड?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस मी रेंजचा विचार करत होतो, तिथे पोचल्यावर काय दिसणार याचा नाही.

"सुम्ने, उगाच काहीतरी करायला जाता," ती म्हणाली. "अजून त्यांना वाटतंय की दार उघडं आहे. तेवढं तरी राहू द्या की."

राहू दिलं. ठरवलं, लांब न्यायचा नाही. पण उघडलेले चॅनेल चालतात का, हे बघितल्याशिवाय मला राहवेना. संक्रांत होऊन गेली होती, सुट्टीचा दिवस, सकाळचं कोवळं ऊन. अप्पा अंगणात खुर्चीत. मी ड्रोन आमच्याच नारळाच्या वर उभा केला, जागेवर. पुढे नाही, मागे नाही. डोक्यावर त्याची एकसुरी घरघर ऐकू येत होती. मग यादीत खाली खाली जाऊन नव्यातला एक चॅनेल निवडला.

स्क्रीन काळा झाला. मला वाटलं, झालं, गेला. आणि मग चित्र आलं. इतकं स्वच्छ चित्र त्या ड्रोनने कधी दिलं नव्हतं, म्हणून आधी आनंदच झाला. पण ते आमच्या नारळाचं नव्हतं. खाली दाटीवाटीने घरं, गच्च्या, वायरी, पाण्याच्या टाक्या. मी मनात म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी कॅमेऱ्याचं पकडलं. अप्पा खुर्चीत पुढे वाकले होते.

वैजू त्यांची नाचणीची आंबील घेऊन बाहेर आली. माझ्या खांद्यावरून तिने बघितलं आणि हळूच म्हणाली, "ही आपली गच्ची आहे."

होती. तीन मजली घर, कोपऱ्यात मोडका माठ, दोरीवर लुंगी. आणि ढाबळ. पत्र्याची शेड नव्हती, ढाबळ होती, हिरव्या दाराची, आणि ते दार उघडं होतं. आमच्या अंगणात सकाळ होती, त्या गच्चीवर टाकीची सावली लांबच लांब पडली होती, संध्याकाळी पडते तशी. मधोमध एक माणूस उभा. डोक्याला टॉवेल, कपाळावर आडवा हात, दुसऱ्या हातात डबा. वर बघत होता. म्हणजे आमच्याकडेच. हाताच्या सावलीत चेहरा दिसत नव्हता.

आणखी एक. ड्रोनचं चित्र कधी कलत नाही; तो कितीही हलला तरी कॅमेरा सपाट राहतो, तशी सोयच असते. हे चित्र कलत होतं. एका बाजूला झुकायचं, गच्ची गोल फिरायची, पुन्हा झुकायचं, आणि दर फेरीला गच्ची जवळ यायची. डबा हलत होता. आवाज नव्हता, पण तो कसा हलवतात ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"आली," अप्पा म्हणाले.

स्वच्छ, मराठीत. वैजूच्या हातातलं भांडं तिरकं झालं, आंबील माझ्या पाठीवर सांडली, ते मला नंतर कळलं.

"थांब," अप्पा म्हणाले. "हलू नको. उतरतेय."

आणि मी काय केलं?... मी ड्रोन उडवणारा माणूस. स्क्रीनवर जमीन गरगरत वर येताना दिसली की ड्रोन पडतोय, एवढंच मला शिकवलेलं. तो वर नारळावर जागच्या जागी उभा होता, त्याची घरघर माझ्या कानांत होती. एकदा मान वर करून बघायचं, बस. अप्पा जन्मभर तेवढंच करत आले होते. मी स्क्रीनकडे बघत राहिलो आणि "घरी परत"चं बटण दाबून धरलं.

ते बटण दाबलं की यंत्र आपण हट्टाने निवडलेला चॅनेल सोडून नेहमीच्या चॅनेलवर येतं. चित्र गेलं. पुन्हा आलं तेव्हा आमचा नारळ, आमची कौलं, आणि अंगणात तीन माणसं, त्यातली दोघं खाली मान घालून मोबाइलमध्ये बघतायत.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "अजून बसली नव्हती रे."

हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यानंतर पुन्हा "हं" आणि "बेडा".

मी लगेच पुन्हा तोच चॅनेल लावला. काळा. शेजारचे लावले, सगळी यादी खालपासून वरपर्यंत लावून बघितली. बॅटरी संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही, पुन्हा तेच. मग रोजचंच झालं. कंपनीच्या बसच्या आधी अर्धा तास अप्पांची खुर्ची अंगणात, ड्रोन नारळावर, आणि आम्ही दोघं काळ्या स्क्रीनकडे बघत. सुरुवातीला अप्पा माझं मनगट धरायचे. उन्हाळ्यात हात मांडीवर ठेवून नुसते बघायचे. आषाढ लागता लागता एका सकाळी मी खुर्ची बाहेर काढायला गेलो तर म्हणाले, "बेडा." मी खुर्ची परत आत नेली. त्याच आठवड्यात ते गेले. झोपेतच.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. ड्रोनमधल्या कार्डावर त्या सकाळचं रेकॉर्डिंग आहे. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत नारळाच्या झावळ्या आहेत, दुसरं काही नाही. प्रसन्न आधी म्हणाला, दुसऱ्याच्या ड्रोनचं चित्र आलं असेल. मग स्वतःच म्हणाला, पण हा रिमोट आपल्याच ड्रोनशी जोडलेला असतो, दुसऱ्याचं चित्र उघडतच नाही. मग म्हणाला, कुणीतरी जुना व्हिडिओ सोडला असेल. कुणी? कशावरून काढलेला? मी मोहल्ल्यात जाऊनही आलो. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिच्यात एक टेलर बसतो. मला भास झाला म्हणावं, तर वैजूलाही तोच झाला? आणि अप्पांचं ते बोलणं, ते तर भास नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, असं क्वचित होतं. बरं. होत असेल.

अप्पांच्या दिवसांत अन्वरभाई भेटायला आले. त्यांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ड्रोनचं, चॅनेलचं, कशाचंच त्यांनी काही विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बैठी क्या?"

मी म्हटलं, माहीत नाही.

त्यांनी नुसती मान हलवली. चहा घेतला नाही, तसेच उठून गेले.

ते गेल्यावर मी पायरीवर बसून राहिलो. मागून वैजू आली. इतक्या महिन्यांत आम्ही दोघं या विषयावर नीट बोललोच नव्हतो. मला वाटायचं, ती माझ्यावर रागावलेली आहे आणि दया म्हणून गप्प आहे. मी म्हटलं, "एक बटण दाबलं नसतं तर अप्पांना बघायला मिळालं असतं. एवढंच मागत होता तो माणूस. आणि मी काय वाचवलं, तर प्लास्टिकचं खेळणं."

ती शेजारी टेकली. म्हणाली, "गच्ची ओळखल्यावर मी स्क्रीनकडे कुठे बघत होते? मी अप्पांकडे बघत होते. 'आली' म्हणाले ना, तेव्हा ते खुर्चीतून उठायला निघाले होते हो. तो गेलेला उजवा पाय जमिनीवर टेकलेला होता. ती बसली असती, तर ढाबळीचं दार लावून अप्पा तेव्हाच गेले असते."

"तुम्ही बटण दाबलंत, म्हणून मला आषाढापर्यंत मिळाले," ती म्हणाली. "त्यांना नको होते ते दिवस, मला माहीत आहे. मला हवे होते. आता हे कुणाला सांगत बसू नका."